ही माझीच मुलगी

पर्यटकांचं जहाज लागलं की बेटावरच्या रोझो गावच्या धक्क्यावर लग्नघराची धांदल उडते. त्या दिवशीचं जहाज तर गावातल्या कुठल्याही इमारतीपेक्षा उंच होतं. आंब्रोज दोन तास "धबधबा, गरम झरे, चला माझ्या माणसांनो" म्हणून घसा फोडत उभा होता, आणि एवढं करून त्याच्या दहा सीटच्या व्हॅनला गिऱ्हाईक मिळालं एकच. बाकीच्यांना मोठ्या बसवाल्यांनी पळवलं. आंब्रोजनं बसवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि गाडी काढली.

गिऱ्हाईक विशीतलं, एकटीच मुलगी. बेटावरच्या माणसांसारखीच काळी, केस घट्ट विणलेले, गळ्यात जहाजाचं कार्ड. नाव डेना म्हणाली.

"साडेचारला जहाज सुटतं. उशीर नको," ती म्हणाली.

"पोरी, एकवीस वर्षं हेच करतोय. माझ्यामुळं कुणाचं जहाज चुकलेलं नाही. आधी धबधबा, मग माझ्या मुलीच्या टपरीवर जेवण. झऱ्यांपाशी आहे. जोझेतच्या हातचं खाल्लंस की जहाजावरचं जेवण घशाखाली उतरणार नाही बघ."

जोझेतचं नाव घेतलं की आंब्रोजचा आवाज असाच फुगायचा. बायको गेल्यापासून घरात दोनच ताटं मांडली जात होती, आणि दुसरं जोझेतचं होतं. तिच्याशिवाय त्याला या जगात कुणी नव्हतं, आणि हे तो कुणालाही, न विचारता, सांगायचा.

धबधब्याच्या फाटकाशी दोन बसभर माणसं पासच्या रांगेत उभी होती. बाहेरच्यांना पास लागतो, बेटावरच्यांना लागत नाही. या रांगेत तास गेला असता, तेवढ्यात बसवाले पुढे जाऊन टपरीवरच्या जागा अडवून बसले असते. मग आंब्रोजनं असं काही केलं, जे इथला प्रत्येक ड्रायव्हर कधी ना कधी करतो. फाटकावरच्या युलालीला त्यानं डोळा मारला.

"सोड गं आम्हाला. ही माझी मुलगी."

जोझेतच्या बाप्तिस्म्याला तिला हातात धरणारी ही युलालीच. ती खो खो हसेल आणि सोडून देईल, असा त्याचा हिशेब होता. पण ती स्टुलावरून उतरली आणि तिनं डेनाचा गाल हातात धरला.

"काय गं, किती वाळलीस! बापाला रांधून घालतेस आणि स्वतः उपाशी राहतेस होय?" तिनं आपल्या डब्यातला अर्धा पाव मोडून तिच्या हातात दिला.

डेनानं पाव खाल्ला. "मेसी, नेनेन," तिनं बेटाच्या बोलीत आभार मानले.

युलालीला नेनेन, म्हणजे धर्माची आई, म्हणणारी या बेटावर एकच मुलगी होती, जोझेत. पण युलाली पक्की नाटकी बाई आहे आणि ही पोरगी तिच्यावर ताण आहे, असं म्हणून आंब्रोज हसला.

धबधब्यापाशी डेनानं एकही फोटो काढला नाही. दगडावर बसून तिनं तोंड धुतलं, गार पाण्याचे दोन हबके मानेवर मारले आणि उठली. परतताना ती न विचारता पुढच्या सीटवर बसली. वाटेत फणसासारख्या फळांच्या एका झाडापाशी वळणावर पुढचा रस्ता दिसत नाही. झाड यायच्या आधीच ती म्हणाली, "हॉर्न दे."

त्यानं हॉर्न दिला. समोरून खरंच ट्रक आला.

झऱ्यांपाशी नेहमीसारखा गंधकाचा वास भरला होता. टपरीवर जोझेत होती, पण फळीच्या पलीकडे नाही, अलीकडे. गिऱ्हाइकांच्या बाजूला. हात पाठीमागे बांधून ती स्वतःच लिहिलेला पदार्थांचा फळा वाचत होती.

"ही हिरवी पातळ भाजी कसली असते हो?" तिनं विचारलं.

"गंमत पुरे, जोझेत. गिऱ्हाईक आणलंय. वाढ."

ती हसली. ओठांनीच, अनोळखी माणसाकडे बघून हसतात तसं. तेवढ्यात डेना फळीखालून वाकून आत गेली. खिळ्यावरचा एप्रन तिनं कमरेला बांधला, न शोधता मिठाचा डबा उचलला आणि भांड्यात चिमूट टाकली.

"हिनं परत अळणी केलंय, पापा," ती म्हणाली.

डेनाचा गळा रिकामा होता. कार्ड जोझेतच्या गळ्यात होतं. त्यानं ते ओढून बघितलं. फोटो जोझेतचा होता, सातव्या वर्षी पेरूच्या झाडावरून पडून भुवईवर उमटलेल्या खुणेसकट. खाली नाव डेनाचं होतं.

"हे कुणी दिलं तुला?"

"माझंच आहे." बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं ती हळू बोलली. "मी डेना. ड्रायव्हर, सकाळी तुम्हीच आणलंत ना मला? आता निघूया. जहाज साडेचारला सुटतं."

एप्रन बांधलेल्या मुलीनं पातेल्याला फडकं बांधलं, टपरी बंद केली आणि पातेलं घेऊन ती व्हॅनच्या पुढच्या सीटवर बसली.

आंब्रोजनं व्हॅन धक्क्याकडे नेलीच नाही. तो घराकडे वळला. घरी जोझेतची खाट होती, तिच्या आईचा फोटो होता. एकदा उंबऱ्याच्या आत पाऊल पडलं की पोर भानावर येईल, असं त्याला वाटत होतं. वाटत कसलं, तो तशी भीक मागत होता.

"हा रस्ता समुद्राकडे जात नाही," मागून आवाज आला.

"घरी चल, बाळा. एकदा घर बघ."

त्यानं आरशात पाहिलं. जोझेत दाराला चिकटून बसली होती. एक हात कडीवर होता.

"प्लीज. हवे तेवढे पैसे घ्या. मला जाऊ द्या."

ती त्याला घाबरली होती. ज्या हातांनी तिच्या वेण्या घातल्या, त्या हातांना घाबरली होती. आणखी थोडं पुढे गेला असता तर तिनं चालत्या गाडीतून उडी मारली असती.

"तिला कशाला छळतोस, पापा?" पुढच्या सीटवरची म्हणाली. मांडीवरचं पातेलं तिनं सांभाळून धरलं होतं.

त्यानं गाडी वळवली. दुसरं काय करणार होता?

धक्क्याच्या फाटकावर पहाऱ्याला कॅशस होता, रविवारी त्याच्याबरोबर डोमिनो खेळणारा. आंब्रोजनं त्याचा दंड धरला.

"अडव तिला. ती माझी पोर आहे."

कॅशसनं मुलीकडे पाहिलं, कार्डाकडे पाहिलं, मग व्हॅनकडे.

"ऊन लागलं काय तुला? जोझेत गाडीत बसलीय की."

तिनं कार्ड लावताच यंत्र टिंग वाजलं. हिरवा दिवा लागला.

"थँक्यू, ड्रायव्हर," मुलगी घाईनं म्हणाली. तिनं त्याच्याकडे बघितलं नाही.

तो मागे धावला. कॅशस आडवा आला. "पलीकडे कार्डाशिवाय जाता येत नाही, आंब्रोज. तुला काय मी नव्यानं सांगायचं?"

तो जाळीला लटकला. ती झपझप चालत होती. शिडीपाशी पोचली. चढायला लागली.

"जोझेत!"

ती वळली नाही.

तो पुन्हा ओरडला. सगळं बळ एकवटून ओरडला.

"काय रे पापा?" मागून, व्हॅनमधून उत्तर आलं. "चल ना. जेवण गार होतंय."

आंब्रोजनं जाळी घट्ट धरली. ओ द्यायची नाही, असं त्यानं ठरवलं. दात आवळून तो शिडीकडे बघत राहिला.

"आलो गं बाळा," तो म्हणाला.