गुरुजींचा जोडभाता

सर्जेराव गुरुजींनी खुर्चीत टेकायच्या आधीच सांगून टाकलं, “ताई, माझा व्हॅक्यूम क्लीनर चोरीला गेला.”

राजानंदच्या हातातला चहाचा कप ओठाशीच थांबला. बिचाऱ्यानं उभा जन्म एसटीत तिकिटं फाडण्यात घालवला आणि रिटायर झाल्यावर शिवकन्याताईंच्या जालन्यातल्या डिटेक्टिव्ह ऑफिसात मदतीला आला. इथं कामं यायची ती लग्नाच्या स्थळांची. घर झाडायच्या मशीनपायी कुणी घनसावंगीहून धावत येईल, हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं.

“नवा घेऊन टाका की, गुरुजी,” तो म्हणून गेला.

गुरुजींनी त्याच्याकडं डोळे वटारून पाहिलं.

“नवा? अहो, शंभर वर्षं जुना आहे तो! गावोगाव वीज न्हवती ना, तेव्हा बंगल्या-बंगल्यातून हातानं चालवायची ही यंत्रं. लोहाराचा भाता हवा फेकतो, हा हवा ओढतो. एकानं हापशासारखा दांडा हाणायचा, दुसऱ्यानं नळी गालिच्यावर फिरवायची. एकट्याचं काम न्हाई, म्हणून आम्ही त्याला जोडभाता म्हणतो. गावात लाईट आली आणि सगळी भंगारात गेली. भंगारातून मी एक-एक वेचून आणलीत.”

“आम्ही म्हणजे कोण?” शिवकन्याताईंनी विचारलं.

गुरुजींचा चेहरा पडला. “मी आणि धर्मराज. लहानपणापासूनचा दोस्त. ताई, त्यानंच नेला असेल तर मला पक्कं कळलं पाहिजे. उद्या पुण्याच्या एका संग्रहालयाची माणसं येणार. सगळी यंत्रं मिळाली तरच नेऊ, म्हणतात. यंत्रं चांगल्या हाती गेली की मंग आम्ही दोघं म्हातारा-म्हातारी लेकाकडं, कल्याणकडं पुण्याला कायमचं जाणार. पण जाता जाता दोस्तानं दगा दिला असेल, तर त्याचं तोंड न पाहता जाईन मी!”

राजानंदला स्वतःचीच लाज वाटली. तो जीप काढायला उठला.

घनसावंगीच्या घरातली ती खोली पाहून मात्र तो खुळावलाच. काय एकेक नग! सायकलच्या पंपासारखी लांब नळकांडी, पायानं दाबायच्या पेट्या, चाकं फिरली की आपोआप श्वास घेणारा एक पितळी डबा. कुठं धुळीचा कण नाही. मधोमध तेवढी अर्ध्या पोत्याएवढी जागा रिकामी होती आणि बाजूला भिंतीला एक लांब लाकडी दांडा टेकवून ठेवला होता.

“हा जोडभात्याचाच,” गुरुजी म्हणाले. “पेटी नेली, दांडा ठेवला.”

“पेटी जड आहे?”

“दोघांशिवाय उचलत न्हाई.”

“आणि कुलूप?”

“जागच्या जागी. किल्ली देवघराच्या कोनाड्यात असते. ठाऊक फक्त हिला, मला आन धर्मराजला. दर रविवारी यायचा ना तो, भात्याच्या कातड्याला तेल लावायला.”

पहिला नंबर लागला भंगारवाल्या सुमितचा. पोरगा जोडभात्यासाठी महिनाभर गुरुजींच्या मागं लागला होता. दुकानात गाठल्यावर तो उसळलाच.

“मी कशाला चोरू, ताई? आन दांडा सोडून मशीन नेणारा येडा हाये का मी? बिनदांड्याचा माल कोणी हातातबी धरत न्हाई. नेला असता तर आधी दांडा नेला असता!”

“बराबर बोलला,” बाहेर आल्यावर राजानंद म्हणाला. “मंग धर्मराजच. दुसरं कोण?”

ताई नुसत्या हसल्या. त्या अशा हसल्या की राजानंदला समजायचं, आपलं काहीतरी चुकलंय.

धर्मराज पारावर बसले होते. गुरुजी जीपमधून उतरले तेच मुळी भांडत.

“कुठं ठेवलास, धर्म्या? कुठल्या गोठ्यात टाकला असशील! उंदरांनी कातडं कुरतडलं म्हंजे?”

“उंदीर काय करणारेत त्याला,” धर्मराज पुटपुटले. मग मान खाली घालून म्हणाले, “मी चोर वाटतो ना तुला? मंग तसं म्हण. केस कर.”

ना चिडणं, ना आणाभाका. राजानंदच्या मते गुन्हा कबूलच झाला होता. ताई मात्र म्हणाल्या, “धर्मराजकाका, तुम्ही पण गुरुजींच्या घरी चला.”

घरी गुरुजींच्या पत्नी बेबीनंदाकाकूंनी चहा टाकला होता. मागच्या पडवीत गव्हाची पोती ओळीनं उभी होती. ताईंनी एका पोत्यात हात घालून मूठभर गहू वर काढला आणि त्यातला कडुलिंबाचा वाळका, चुरगळलेला पाला बोटानं बाजूला केला.

“काकू, वर्षाचा गहू भरायचाच राहिला का?”

“व्हय ना बाई. अजून ऊन दाखवायचंय. जायच्या गडबडीत सवडच न्हाई झाली.”

चोर पकडायचा सोडून बायकांच्या गहू-तांदळाच्या गप्पा! राजानंद मनातल्या मनात वैतागला.

चहा झाला. ताईंनी कप खाली ठेवला.

“गुरुजी, ज्याला विकायचं होतं त्यानं दांडा सोडला नसता. सुमित सुटला. मग दांडा मागं का राहिला? कारण पेटी जिथं ठेवली, तिथं दांडा मावत नव्हता. दांड्यासकट ठेवली असती, तर झाकण लागलं नसतं.”

“कशाचं झाकण?” गुरुजी गोंधळले.

“सांगते. धर्मराजकाका म्हणाले, उंदीर काय करणारेत त्याला. म्हणजे भाता अशा जागी आहे जिथं उंदीर शिरत नाही, आणि काकांना ती जागा ठाऊक आहे. ज्यानं लपवला त्यानं कातड्याची काळजी घेतली. चोर एवढी माया करत नाही.”

धर्मराजांनी उपरण्यानं कपाळ पुसलं.

“आता गहू. राजानंदभाऊ, तुमच्या घरी गहू कसा भरतात?”

“मला काय ठाऊक? मी पोळ्या खातो!”

“तेच तर! आधी उन्हात वाळवतात. कोठीत भरताना मग थराथरात कडुलिंबाचा पाला टाकतात. काकू म्हणतात गहू भरायचाच आहे. मग पोत्यात वाळका पाला आला कुठून? हा गहू कोठीत जायचा नाहीये. कोठीतून बाहेर आलाय.”

पडवीच्या कोपऱ्यात पत्र्याची भलीमोठी कोठी उभी होती. राजानंदनं उठून झाकण काढलं. उरलेल्या गव्हावर, जुन्या लुगड्यात गुंडाळलेला जोडभाता निवांत बसला होता.

“उचलायला दोघं लागतात,” ताई हळूच म्हणाल्या. “दोघंच होते.”

गुरुजी आळीपाळीनं दोघांकडं बघत राहिले. “तू? आन हा?”

“म्या बोलावलं भावजींना,” काकू म्हणाल्या. “एक नग कमी पडला तर ते लोक नेणार न्हाईत, मंग जाणं टळंल, असं वाटलं. त्यांनी माझ्यापायी तुमच्या शिव्या खाल्ल्या.”

“अगं पण पुण्याला जायचं का विचारलं, तेव्हा म्हणालीस, ‘तुम्ही म्हणाल तसं!’”

“जन्मभर तेच म्हणत आले. न्हाई म्हणायची सवयच न्हाई जिभेला.”

“मला वाटलं, तुलाच जायचंय,” गुरुजी म्हणाले. “कल्याणचा फोन ठेवला की डोळे पुसतीस. तुझ्यासाठी मी सगळं सोडायला निघालो होतो गं! मला काय हौस आहे का?”

“लेकाची आठवण येती, तर रडू नको का? म्हणून काय गाव सोडावं?”

राजानंदनं नाक ओढलं आणि उगाच छपराकडं पाहिलं. गुरुजी उठून धर्मराजांजवळ गेले. त्यांनी दोस्ताच्या पाठीत एक जोरदार गुद्दा घातला. धर्मराज कळवळले आणि हसले.

मग गुरुजींनी खिशातून मोबाईल काढून कल्याणला लावला आणि बायकोपुढं धरला.

“मी न्हाई बोलणार. तुला जे वाटतं ते तू सांग.”

काकूंनी दोन्ही हातांनी फोन कानाशी धरला.

“कल्याण, आम्ही येत न्हाई बाळा… न्हाई, बाबांनी न्हाई ठरवलं.” त्यांनी एकदा गुरुजींकडं पाहिलं. “मी ठरवलंय.”