बारावा चिमटा

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण यात पदरचं एक अक्षरही घातलेलं नाही. माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलंय हे. तेही भर दुपारी, सव्वादोनला, पेशंटनी भरलेल्या वॉर्डात.

मावशी तेव्हा नवी नर्स होती. ड्यूटी बदलताना ड्रेसिंगचे बारा चिमटे मोजून द्यायचे, मगच घरी जायचं, असा नियम. मोठ्या सिस्टर म्हणजे जमदग्नीचा अवतार. एक चिमटा मुद्दाम स्वतःच्या खिशात टाकायच्या आणि कमी भरला म्हणून दुसऱ्या चिमट्याने मुलींची बोटं सुजेपर्यंत मारायच्या. सगळ्यांना ठाऊक होतं. पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण?

त्या दिवशीही अकराच भरले.

"चिमटा तुमच्याच खिशात आहे, सिस्टर," मावशी बोलून गेली.

मोठ्या सिस्टरनी केस धरून तिचं डोकं भिंतीवर आपटलं आणि तिला चादरींच्या खोलीत कोंडलं.

"बस आत. तुझ्या आधीची भवानीही अशीच जीभ चालवायची."

ती आधीची नर्स, दमा असलेली. तिलाही याच खोलीत कोंडलं होतं. संध्याकाळी दार उघडलं तेव्हा ती गेलेली होती. प्रकरण दाबलं गेलं.

खोलीला खिडकी नव्हती. मावशी कपाळाचं रक्त पुसत अंधारात बसली.

मग तिच्या लक्षात आलं... खोलीत दोघींचे श्वास ऐकू येत होते.

एक तिचा. दुसरा शिट्टीसारखा, अडकत येणारा.

तो तिच्या अंगावरून दाराकडे गेला... आणि थांबला.

बाहेर किंकाळी फुटली.

टक्.

मग आणखी एक... वाळक्या काटक्या मोडाव्यात तसं, एकूण दहा वेळा.

मावशीच्या तळहातावर कोणीतरी काहीतरी ठेवलं. गार, चिकट.

चिमटा.

दार उघडलं. मोठ्या सिस्टर फरशीवर लोळत होत्या. खिसा फाटलेला, दहाही बोटं उलटी वळलेली. त्यांच्याजवळ कोणीच गेलं नव्हतं, असं सगळे पेशंट सांगत होते.

आज मावशी त्याच वॉर्डची मोठी सिस्टर आहे. गेल्या महिन्यात एका नव्या मुलीने सलाईन चुकीच्या पेशंटला लावलं. रागाच्या भरात मावशीने हात उगारला.

कानामागे... कोणीतरी अडकत श्वास घेतला.

मावशीने हात खाली घेतला. पण तेव्हापासून रोज चिमटे अकराच भरतात. झोपेतसुद्धा मावशी दोन्ही मुठी घट्ट आवळून धरते. मी पाहिलंय.