मागील अंगणाची मोजणी

निवृत्तीनंतर मोजणीदारांनी आयुष्यातले पहिले स्वतःचे घर घेतले. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि मागे तीन पायऱ्या उतरून तांबूस मातीचा ऐसपैस चौकोन. छत्तीस वर्षे, बदलीमागून बदली, सरकारी निवासस्थानांत पत्नीने बागेचा ध्यास धरला होता. आणि "स्वतःचं घर झालं की लाव," असे म्हणून त्यांनी तो दर वेळी पुढे ढकलला होता. आता जमीन मिळाली, तर तिची इच्छाच आटली होती.

"तुमची जमीन, तुमची बाग," पत्नी भाजी निवडताना मान वर न करता म्हणाली. "मी काही त्या पायऱ्या उतरायची नाही."

ती एकदा जरी उतरली, तरी आपल्याला क्षमा मिळाली असे समजायचे, असा निश्चय मोजणीदारांनी केला. क्षमा कशाची, हे दोघांनाही ठाऊक होते. तिसऱ्या बदलीच्या गावी, तीन वर्षांच्या मुलीच्या अंगात ताप असताना, ते हद्दी मोजायला चाळीस दिवसांच्या मुक्कामावर निघून गेले होते. परतले तेव्हा घरात दोनच माणसे उरली होती.

त्यांनी माती खणली, चाळली, शेणखत मिसळले. मग वाफे आखण्यासाठी फीत धरून खुंट्या ठोकल्या आणि सुतळी ताणली.

"काय हो," कुंपणापलीकडून शेजारचे कंपाउंडर म्हणाले, "मुळा लावताय की विमानतळ बांधताय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी एक खुंटी दोन हात सरकलेली होती. मांजराचा उपद्व्याप, असे मानून त्यांनी ती पूर्ववत ठोकली. तिसऱ्या दिवशी पाच सरकल्या. जुनी छिद्रे बुजून माती सपाट झाली होती; तिच्यावर ना पाऊल, ना पंजा. सुतळीच्या गाठी मात्र त्यांच्याच हातच्या होत्या. तशी दुपेडी गाठ खात्यात दुसरे कोणी मारीत नसे.

मोजणीदार घाबरले नाहीत. घडले ते आधी मोजावे, अर्थ मागाहून लावावा, ही त्यांची शिस्त. रोज सकाळी ते अंतरे घेत, कागदावर प्रमाणात उतरवीत. खुंट्या पुन्हा हलवणे त्यांनी सोडून दिले. सातव्या दिवशी रेषा जुळल्या: अरुंद पडवी, दोन खोल्या, आतल्या खोलीला लागून एक कोनाडा. मग त्यांनी कागद पत्नीपुढे ठेवला.

तिने चष्मा लावला. "तिसऱ्या बदलीच्या गावचं घर."

"हो. पण दार चुकलंय. ते उत्तरेला होतं."

"पूर्वेला. उत्तरेला खिडकी." तिचा आवाज कोरडा होता. "तिथं उभी राहून ती तुमची वाट बघायची. घरात राहिला असतात, तर ठाऊक असतं."

ती उठली. भिंतीचा आधार घेत मागच्या दारी गेली आणि तिन्ही पायऱ्या उतरली.

मोजणीदार तिच्या मागोमाग अंगणात उतरले. पत्नी सुतळीच्या कडेकडेने पूर्वेला गेली. तिथे सुतळी सैल लोंबत होती, शेवटची खुंटी आडवी पडली होती. त्या फटीतून ती आत शिरली. नसलेल्या उंबऱ्यावरून तिने पाऊल उचलून टाकले, नसलेल्या कोपऱ्याशी वळली, आणि आतल्या खोलीत कोनाड्याजवळ मांडी घालून बसली.

मोजणीदार समाधानाने पाहत राहिले. मग त्यांची नजर त्या फटीवर गेली.

मोजणीची आकृती उघडी ठेवून जागा सोडायची नाही, हा त्यांचा आयुष्यभराचा नेम. विचार असा त्यांनी केलाच नाही. हातोडी उचलली, खुंटी ठोकली, सुतळी ताणून दुपेडी गाठ मारली.

"अगं, ऊठ आता. माती ओली आहे."

ती हलली नाही.

ते सुतळी ओलांडू गेले. गुडघा कशावर तरी आपटला. पुढे केलेल्या तळव्याला गार, खरखरीत चुना लागला. समोर ऊन होते, माती होती, पाच पावलांवर पत्नी होती.

फट बुजवली होती तिथे येऊन त्यांनी मुठीने ठोठावले. आवाज लाकडाचा आला.

पत्नीने मान वर केली. तिची दृष्टी त्यांच्यावरून निघून गेली.

"कोण आहे?" तिचा आवाज भिंतीपलीकडून यावा तसा दबका आला.

"मी! अगं, मी आलोय."

ती क्षणभर कान देऊन बसली. मग मांडीवर झुकली, आणि तिथे काहीही नसताना हलक्या हाताने थोपटू लागली.

"कोणी नाही गं, बाळा. झोप तू."