इथं अण्णा पडतात

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं ज्यानं म्हणून ठेवलं त्याला आर्किटेक्ट भेटलेला नसावा. भेटला असता तर तो घरापाशीच थांबला असता, लग्नापर्यंत पोचलाच नसता.

निकाळजे मॅडमचं, म्हणजे सुलेखाचं, हे मत क्रांती चौकातल्या त्या ऑफिसचा जिना चढताना दर शनिवारी पक्कं व्हायचं. सकाळची शाळा सुटली की डबा न उघडताच ती इकडं यायची. खाली बॅटऱ्यांचं दुकान, जिन्यात ॲसिडचा वास, वर काचेचं दार आणि आत कारभारी. नाव कारभारी, आणि कारभार सगळा स्वतःच्या मनाचा. पूर्वेला खिडकी द्या म्हटलं की ‘बघू’. स्वयंपाकाचा ओटा जरा उंच घ्या म्हटलं की ‘बघू’. पुढच्या शनिवारी नकाशा समोर यायचा तो होता तस्सा. वर माणूस इतका मऊ बोलायचा की भांडायचीही सोय नाही.

त्यात त्यांना भविष्यकाळ येत नव्हता. सुलेखा नववी-दहावीला मराठी शिकवायची, त्यामुळं हे तिला दातात अडकलेल्या सुपारीसारखं टोचायचं.

“इथं आपण चपला काढतो,” कारभारी नकाशावर पेन्सिल टेकवून सांगायचे. “इथं साहेब पेपर वाचतात. इथं निशा अभ्यासाला बसते आणि अभ्यास करत नाही.”

साहेब म्हणजे सुलेखाचा नवरा अभय, शेंद्र्याला कंपनीत होता आणि नकाशाचं सगळं बायकोवर टाकून मोकळा झाला होता. निशा त्यांची मुलगी. आणि करमाडच्या अलीकडं घेतलेल्या प्लॉटवर तेव्हा मुरूम आणि चार बाभळींखेरीज काहीही नव्हतं.

“काढू म्हणा. वाचतील म्हणा,” सुलेखा एकदा वैतागून म्हणाली. “अहो, अजून पाया खोदला नाही आपण!”

“हो, तेही आहे,” कारभारी म्हणाले, आणि लगेच, “इथं तुम्ही भाजी निवडता.”

घर खरं तर अण्णांसाठी होतं. अण्णा म्हणजे सुलेखाचे वडील, साहेबराव. भावसिंगपुऱ्यात भाड्याच्या दोन खोल्यांत त्यांचा जन्म गेला. बायको तिथंच वारली, पोरी तिथूनच सासरी गेल्या, आणि घरमालक अजूनही पाणी जास्त सांडलं की दारात येऊन उभा राहायचा. अण्णांचं गल्लीभर सांगून झालं होतं, “लेकीच्या बंगल्यात चाललो. मला लई काय नको. उनात बसाया एक ओटा पायजे, आपल्या हक्काचा.” त्यांचे डोळे मिटायच्या आत त्यांना त्या ओट्यावर बसवायचं, एवढं एकच सुलेखाच्या मनात होतं.

तर एका शनिवारी तिची नजर जिन्यावर गेली. मधलं लँडिंग चांगलं खाटेएवढं लांब काढलं होतं.

“स्वयंपाकघर काड्यापेटीएवढं दिलंत आणि जिन्यात ही एवढी ऐसपैस जागा कशाला?”

“इथं अण्णा पडतात,” कारभारी म्हणाले.

सुलेखाला हसू आलं. “अण्णा दुपारचे पडतात हे खरं. पण जिन्यात कशाला पडतील? त्यांची खोली खाली आहे की.”

“पडतात,” कारभारी मान हलवत म्हणाले. “अंग पसरायला जागा लागते.”

तिनं हे अण्णांना सांगितलं तर ते खूश. “व्हय की! उन्हाळ्याचं जिन्यात लई गार लागतं. शहाणा माणूस हाय तुझा इंजिनेर.”

पुढच्या रविवारी ती प्रेरणा मॅडमकडं गेली. शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या प्रेरणा मॅडमनीच कारभारींचं नाव सुचवलं होतं, मॅडमचं घर कारभारींनीच बांधलेलं. तेव्हा गाऱ्हाणं घालायला हक्काची जागा तीच. सुलेखानं खिडकीचं सांगितलं, ओट्याचं सांगितलं, जिन्यातल्या खाटेएवढ्या जागेचं सांगितलं. हॉलच्या भिंतीवर बुद्ध, शेजारी बाबासाहेब, आणि तिसरा फोटो प्रेरणा मॅडमच्या मिस्टरांचा. ते गेल्याला अजून वर्ष झालं नव्हतं.

“फोटोंना जागा मात्र छान मिळाली,” काहीतरी बोलायचं म्हणून सुलेखा म्हणाली.

“मिळाली काय, सोडलेलीच होती.” प्रेरणा मॅडमनी कप खाली ठेवला. “आम्ही तिथं खिडकी मागत होतो. कारभारी म्हणाले, इथं तीन फोटो असतात. आम्हाला वाटलं, तिसरा सासऱ्यांचा. तिन्ही खिळे आमच्या ह्यांनीच ठोकले होते.”

सुलेखा चहा अर्धा टाकून उठली.

दुपारी माणूस पडतो. जिन्यातही माणूस पडतो. शब्द एक, अर्थ दोन, हे ती वर्गात दर वर्षी फळ्यावर लिहून समजावायची.

घरी तिनं अभयला सांगितलं. तो हसला. “शब्दाचा कीस तुझ्या वर्गात काढ गं. अण्णा जरा आडवे होतात, एवढाच अर्थ.” तिला वाटलं, सरळ दुसरा आर्किटेक्ट बघावा. पण दुसरा तरी काय करील? न सांगता बांधील, एवढंच.

शनिवारी ती खुर्चीत बसलीसुद्धा नाही. “जिना काढून टाका. घर बैठं करा.”

“बरं,” कारभारी म्हणाले. या माणसानं पहिल्यांदाच काहीतरी ऐकलं. आठवड्यानं नकाशा आला, जिना खरोखरच नव्हता. बाथरूमच्या दाराबाहेर मात्र मोकळी जागा होती.

“आता इथं पडतात.”

“उंबरा काढा! फरशी खरबरीत घ्या, दांड्या बसवा!”

त्यांनी सगळं केलं. पुढच्या नकाशात बाहेरच्या ओट्यापुढं फरशीऐवजी हिरवळ होती.

“उन्हात बसलेले असतात,” कारभारी हळूच म्हणाले. “उठतात आणि—”

“गप्प बसा हो!” सुलेखा एवढ्या जोरात ओरडली की खालच्या दुकानातला माणूस जिन्यात येऊन वर बघायला लागला. “बाप आहे माझा तो! तुम्हाला दुसरं काही सुचत नाही का?”

कारभारींचे कान लाल झाले. “मॅडम, मी पाडतो का त्यांना? पडतात. पडलेल्या माणसाला लागू नये म्हणून जागा सोडतो, त्यात माझं काय चुकलं?”

“मग अण्णा या घरात राहणारच नाहीत. झालं समाधान?”

कारभारींनी रबर घेतलं, हिरवळ पुसली, भुगा फुंकून टाकला.

“मग इथं नाही पडत,” ते म्हणाले.

सुलेखाला इतकं हायसं वाटलं की जिना उतरताना तिनं त्या माणसाला माफही करून टाकलं.

घर उभं राहिलं. गृहप्रवेशाच्या दोन दिवस आधी ती भावसिंगपुऱ्याला गेली. अण्णांनी कपड्यांची पिशवी भरून दाराशी ठेवली होती. खाटही कुणाला तरी देऊन टाकली होती, खाली सतरंजी होती.

“भिंतींना अजून ओल आहे, अण्णा. उन्हाळा निघू द्या, मग या.”

अण्णांनी एकदा पिशवीकडं बघितलं. “व्हय, व्हय. ओलीत गुडघे लई दुखतात. तू ऱ्हा पुढं.” मग म्हणाले, “बघाया तरी येऊ का? येतो आणि लगीच जातो.”

“नको, अण्णा.”

तिला स्वतःची इतकी लाज वाटली की चहासुद्धा न घेता ती उठली. शेजारच्या गोजरबाईंना म्हाताऱ्यावर लक्ष ठेवायला आणि काही झालं तर फोन करायला सांगून ती रिक्षात बसली.

रविवारी सकाळी बुद्धवंदना झाली, सगळ्यांना खीर वाटून खीरदान झालं. घर माणसांनी भरलं. जो तो विचारायचा, अण्णा कुठं? सुलेखा म्हणायची, बरं नाही जरा.

कारभारी इस्त्रीचा शर्ट घालून आले. स्वयंपाकघरात दोघंच होते. ओटा उंच झाला होता, पूर्वेची खिडकीही झाली होती. तिला त्यांच्याशी दोन शब्द गोड बोलावेसे वाटले. तेवढ्यात खिडकीशेजारच्या भिंतीत तिला स्टीलचा एक आखूड दांडा दिसला.

“हा कशाला? नॅपकिनला?”

“नाही.”

“मग? आम्ही तर सांगितला नव्हता.”

कारभारींनी हातातली खिरीची वाटी खाली ठेवली. आवाज आणखीनच मऊ केला.

“इथं तुम्ही उभ्या असता. फोन घेता. मग धरायला काहीतरी लागतं.”

बाहेर कुणीतरी जोरात हसलं. ओट्यावरच्या ग्रॅनाइटवर तिचा मोबाइल वाजत, थरथरत सरकायला लागला.

“आई, तुझा फोन!” हॉलमधून निशा ओरडली.

सुलेखानं फोनकडं बघितलं नाही. तिचा डावा हात दांड्यावर घट्ट बसलेला होता. तो कधी गेला, तिला कळलं नव्हतं. स्टील गार होतं. हात वर करावा लागला नव्हता, की वाकावं लागलं नव्हतं.