अनुमोदन

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण ज्या दोघींच्या बाबतीत हे घडलं त्या माझ्या सख्ख्या मावश्या आहेत, आणि दोघीही आज हयात आहेत.

रात्र नव्हती. स्मशान नव्हतं. भर दुपार होती आणि जागा होती संसदभवन. जुनं, दगडी, पण तेव्हा अजून कामकाज चालणारं.

थोरली मावशी शाळेत नागरिकशास्त्र शिकवायची. त्या सभागृहाची आकृती फळ्यावर काढण्यात तिचं आयुष्य गेलं. इथे सभापती, इथे सत्ताधारी, इथे विरोधक. प्रत्यक्षात मात्र कधी पाय ठेवला नव्हता. अधिवेशन नसताना पर्यटकांना आत सोडायचे. निवृत्त झाल्यावर तिनं स्वतःला हीच भेट द्यायची ठरवली.

आणि सोबत नेलं धाकटीला. तिथेच चुकलं.

धाकटी मावशी रेडिओवर बातम्या वाचायची. आवाज असा की टॅक्सीवालाही मागे वळून बघायचा. नवरा गेल्यापासून तिचं घर त्या आवाजावरच चाललं होतं.

लहानपणापासून अभ्यास थोरलीनं करायचा आणि पाहुण्यांसमोर कौतुक धाकटीचं व्हायचं. थोरलीच्या पोटात दुखायचं. आजचा दिवस तरी आपला असावा, एवढंच तिला वाटत होतं.

दारातच धाकटीनं विचारलं, "ताई, पर्स आत चालते का गं?"

गाईडबाई गर्रकन वळली. "अय्या! संध्याकाळच्या बातम्या! तुमचा आवाज मी झोपेतही ओळखेन!"

झालं. सगळे धाकटीभोवती गोळा झाले. थोरलीच्या हातात लोकांचे मोबाईल आले. "काकू, जरा आमचा मॅडमबरोबर फोटो काढता?"

काकू! तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

सभागृहात गेल्यावर गाईडबाई म्हणाली, "आता आपण खोटंखोटं मतदान करू. सभापती कोण होणार?"

थोरलीनं हात वर केला. शाळेतल्या मुलीसारखा, पटकन.

"अहो, मॅडमनाच होऊ द्या ना!" घोळक्यातून कुणीतरी ओरडलं. "या घुमटाखाली तो आवाज ऐकायचाय आम्हाला!"

वर केलेला हात थोरलीनं केसांवरून फिरवला, जणू केसच सारखे करायचे होते. मग ती एकटीच मागे जाऊन बसली. तिच्या मागे फक्त एक रिकामा बाक होता.

गाईडबाई पद्धत सांगत होती. कुणीतरी प्रस्ताव मांडायचा. दुसऱ्या कुणीतरी 'अनुमोदन' म्हणायचं. मग घंटा. पटलं तर उजव्या दारानं बाहेर, नाही पटलं तर डाव्या. अनुमोदन मिळालं नाही, तर प्रस्ताव तिथेच संपला.

"चला, पर्यटकांना चहा फुकट मिळावा का? सभापती, वाचा!"

धाकटीनं वाचलं. सगळा घुमट त्या आवाजानं भरून गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

नुसती चरफडून गप्प बसली असती तर कदाचित काहीच झालं नसतं. पण थोरली पडली जन्माची मास्तरीण. तिनं ओठांतल्या ओठांत अगदी नियमाप्रमाणे प्रस्ताव मांडला.

"या सभागृहाचं असं मत आहे की... माझ्या धाकट्या बहिणीचा आवाज कायमचा बंद व्हावा."

आणि मागून...

"अनुमोदन."

पुरुषाचा आवाज. म्हातारा. अगदी कानाशी.

ती वळली. बाक रिकामा होता. पण त्याची दबलेली गादी हळूहळू वर येत होती... कुणीतरी नुकतंच उठल्यासारखी.

घंटा वाजली.

"अगंबाई, ही कुणी दाबली?" गाईडबाई दचकली, मग हसली. "चला चला, चहा हवा त्यांनी उजवीकडे!"

चहा सगळ्यांनाच हवा होता. त्या घोळक्याबरोबर थोरलीही उजव्या दारानं बाहेर पडली. ती सगळ्यात शेवटी होती.

तरी तिच्या मागून पावलं येत होती...

जड बुटांची. संथ. खूप जणांची.

तिनं मागे पाहिलं. कुणीही नव्हतं. पावलं मात्र तिला ओलांडून पुढे गेली. एकाचा खांदा तिच्या खांद्याला लागला. तो थंडगार होता.

सगळे परत आत आले. "सभापती, निकाल सांगा!"

धाकटीनं हसत तोंड उघडलं.

ओठ हलले...

आवाज आला नाही.

लोक हसले. त्यांना वाटलं, मॅडम गंमत करताहेत. मग धाकटीनं दोन्ही हातांनी स्वतःचा गळा धरला.

डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. सगळे एकच सांगायचे, "गळा ठणठणीत आहे." नोकरी गेली. थोरलीनं तिला आपल्या घरी आणलं. शेजारपाजारचे म्हणू लागले, "बहिणीसाठी किती करते ही!" जन्मभर जे कौतुक हवं होतं ते असं मिळालं, आणि ते ऐकून तिला घास गिळवेना.

शेवटी ती धाकटीला घेऊन पुन्हा तिथे गेली. त्याच बाकावर बसली. धाकटीचा हात हातात घट्ट धरला. पुढे गाईडबाईचं बोलणं चालू होतं.

थोरली पुटपुटली, "या सभागृहाचं असं मत आहे की... मागचा ठराव रद्द व्हावा."

मागे शांतता.

"अनुमोदन द्या हो कुणीतरी," ती रडकुंडीला आली. "चूक झाली माझी!"



मग समोरून, सभापतींच्या रिकाम्या आसनावरून आवाज आला. स्वच्छ. गोड. घुमट भरून टाकणारा...

"अनुमोदन नाही. मागच्या बाकावरच्या सदस्यांनी आपल्या धाकट्या बहिणीविरुद्ध मांडलेला ठराव कायम राहील."

धाकटीचाच आवाज.

बाकी कुणाला काही ऐकू आलं नव्हतं. गाईडबाई बोलतच होती. पण धाकटीनं आधी त्या आसनाकडे पाहिलं. मग थोरलीकडे.

आणि हळूच आपला हात सोडवून घेतला.

हे सगळं मला थोरलीनं सांगितलं. धाकटी शेजारीच मटार सोलत होती. तिनं मान वर केली नाही.

दोघी अजून एकाच घरात राहतात. त्या घरात रेडिओ नाही. मी गेले की आधी कुणाशी बोलावं तेच मला कळत नाही.