बुजवलेली झडप

दुसऱ्या दिवशी सकाळी गिऱ्हाईक येणार होतं, म्हणून संध्याकाळी मी दादाची गाडी धुवायला घेतली. गाडी म्हणजे मोटरहोम. आत पलंग, ओटा, बेसिन, दोन खुर्च्या आणि मागे कपाटाएवढी मोरी. गिऱ्हाईक म्हणजे नुकतंच लग्न झालेलं जोडपं. फोनवर त्यातली मुलगी सारखी हसत होती. पडदे कुठल्या रंगाचे आहेत हेसुद्धा तिने विचारलं. मी म्हटलं, निळे. गाडीत कधी काही झालंय का, हे मात्र तिने विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी नाहीच म्हणणार होतो. दादा जाऊन महिना झाला होता. गाडी अंगणात उभी होती आणि आई नळावर जायलासुद्धा मागच्या दाराने जायची. ती गाडी मला डोळ्यांसमोर नको होती, एवढंच मला कळत होतं.

आतेभाऊ मदतीला आला होता. मदत म्हणजे पाइप धरून उभं राहायचं आणि मला अक्कल शिकवायची.

अंधार पडल्यावर ट्रकवाले काका आले. वडिलांचे जुने दोस्त. वडील गेल्यापासून आमच्या घरात वडीलधारं म्हणायला तेच उरलेत. दादाला गाडीची काच फोडून बाहेर काढलं तेही त्यांनीच. पण त्या रात्रीबद्दल त्यांनी आम्हाला एवढंच सांगितलं होतं : झोपेत गेला, त्रास झाला नाही.

काका ओल्या पत्र्याकडे बघत उभे राहिले.

"विकतोयस?"

"हो."

"त्यांना सांगितलंस का?"

"काय सांगू काका? ऐकून कुणी घेईल का?"

"मला फुकट दिली तरी नको."

आतेभाऊ म्हणाला, "मग झालं तर. गाडी आपली, तोंड आपलं. उघडायचं की नाही ते आपण ठरवायचं."

काकांनी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने मुकाट्याने नळ बंद केला.

"बसा दोघं इथे पायरीवर," काका म्हणाले. "दिवा लावू नकोस. भुताच्या गोष्टीत सांगतात ना, माझ्या ओळखीचा एक होता म्हणून? हा तर माझ्या मांडीवर खेळलेला पोरगा होता. तेव्हा मध्ये तोंड घालू नका."

आम्ही बसलो.

"तुझा दादा गच्च्यांची गळती काढायचा," काकांनी सुरुवात केली. "भेगा बुजवणं हाच त्याचा धंदा. आज या गावात, उद्या त्या गावात. लॉजच्या खोल्यांना कंटाळला होता. लग्न झाल्यावर तर फारच. बायको एकीकडे, हा दुसरीकडे. म्हणून ही गाडी घेतली. जिथे काम तिथे घर. मला फोन करून म्हणाला, 'काका, आता मीही गाडीवाला!' मी म्हटलं, 'गाडीवाला कसला, गोगलगाय तू. घर पाठीवर घेऊन फिरणारी.' किती हसला होता.

"माझा ट्रक उभा असतो त्याच मैदानात त्याला जागा मिळवून दिली. सूनबाई गाडीला डबा म्हणायची. पण त्या डब्याला तिने पडदे शिवले, दारात पायपुसणं टाकलं. दोघंही अगदी नवशिके. एकदा कपाटाची कडी न लावताच गाडी हलवली, सगळी ताटं जमिनीवर. एकदा मोरीच्या पाण्याची टाकी रिकामी करायची राहिली, तर तीन दिवस आसपासचे ड्रायव्हर नाक धरून फिरत होते. सूनबाई म्हणायची, 'यांनी जगाची गळती काढली, आणि आपली तुंबवली.'"

मला हसू आलं.

"मग थंडी पडली. गाडीत गॅसचा हीटर होता. आधीच्या मालकाने स्वतःच्या हाताने बसवलेला. आणि पलंगाच्या बरोबर वर छताला झडप. तुझा दादा झोपताना हीटर लावायचा, झडप ओढून खिट्टी घालायचा. सकाळी उठावं तर झडप सताड उघडी. दोघं कुडकुडत बसलेली.

"आधी भांडणं झाली. ती म्हणायची, 'तुम्हीच उघडता.' हा म्हणायचा, 'मला काय वेड लागलंय?' 'मग काय मी उघडते झोपेत?' 'तुझा काय नेम!' मला ऐकू यायचं आणि मी कांबळ्यात तोंड खुपसून हसायचो. नवरा-बायकोचं भांडण, आपण कशाला मध्ये पडा.

"मग त्याने खिट्टीला तार गुंडाळली. पक्कडीने पिळून. सकाळी झडप उघडी. आणि तार ओट्यावर. तुटलेली नाही, फेकलेली नाही. पीळ सोडवून, सरळ करून ठेवलेली. घरातलं म्हातारं माणूस सुतळीचा तुकडासुद्धा वाया जाऊ देत नाही ना… तशी.

"त्या दिवसापासून मी हसायचा बंद झालो."

आतेभावाने पाय वर घेतले.

"पुढच्या रात्री सूनबाईला जाग आली. तिने वर बघितलं. झडपेतून एक हात आत आला होता. कोपरापर्यंत. लोकरीची बाही. बोटं झडपेची कड चाचपत होती. हळू. झोपलेल्यांची झोप मोडू नये अशी हळू. ती ओरडली नाही. पांघरूण डोक्यावर घेऊन पडून राहिली. उजाडल्यावर पिशवी भरली. 'मी आईकडे जाते. ही झडप बंद राहायला लागली की सांगा, तेव्हा येईन.' तुझा दादा म्हणाला, 'रविवारी ये. मी बुजवलेली भेग आजपर्यंत उघडलेली नाही.'"

ते खरं होतं. दादाने बुजवलेली भेग उघडत नसे. लोक त्याला त्याचसाठी लांबून बोलवायचे.

"तिला परत आणायचं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. बाकी त्याला भूत असलं काय आणि नसलं काय. शनिवारी कामावर गेला नाही. भेगा भरायची सिलिकॉनची गन काढली, शिडी लावली. झडप आतून भरली, बाहेरून भरली. साबणाच्या पाण्यात बोट बुडवून अशी सुरेख कड ओढली की बघत राहावं. मग खाली गाडीच्या तळात त्याला जाळीची भोकं सापडली. मला बोलावून दाखवली. 'बघा काका, बनवणाऱ्याने काम अर्धवट सोडलंय. वारा इथूनच येतो. आणि जे काय येत असेल ते पण.' मला तरी कुठे ठाऊक, ती हवा खेळायला मुद्दाम ठेवलेली असतात म्हणून! ट्रकला कोण भोकं ठेवतो? त्याने तीही बुजवली. दाराच्या फटीसुद्धा. शिडीवरूनच सूनबाईला फोन केला. 'ये उद्या. आता चिमटीभर वारा यायचा नाही.'"

काकांनी विडी काढली. पेटवली नाही.

"दहा जानेवारी. शनिवारची रात्र, दीड वाजून गेला होता. मी केबिनमध्ये झोपलो होतो. आवाजाने जाग आली. खर्र… खर्र… पत्र्यावर कुत्रं पाय घासतं तसा. काच पुसून बघितलं. तुझ्या दादाच्या गाडीच्या टपावर कुणीतरी गुडघ्यावर बसलं होतं. पाठमोरं. दोन्ही हातांनी झडप खरवडत होतं. मला वाटलं, तुझा दादाच आहे. शिडी तशीच लावलेली होती ना. मी काच खाली करून हाक मारली, 'अरे ए मिस्त्री, झोप की आता! सकाळी बायको यायचीय.'

"त्याने मागे बघितलं.

"म्हातारा होता. अंगात स्वेटर. पाय उघडे. एवढ्या थंडीत उघडे. तोंड उघडून काहीतरी सांगत होता. आवाज… नव्हता. मग बोट खाली केलं. झडपेकडे. परत माझ्याकडे बघितलं. परत बोट खाली. मग मुठी आपटायला लागला. पत्र्यावर. जीव खाऊन. आणि त्या मुठींचा… काहीच आवाज नाही.

"मी उतरलो. धावलो. वर बघितलं.

"कुणी नाही.

"दार वाजवलं. हाका मारल्या. दार हलेना. फटींतल्या ताज्या सिलिकॉनने धरलं होतं. जॅकचा दांडा आणून काच फोडली. आतून गरम हवा आली. वास नाही. काही नाही. नुसती गरम हवा.

"तुझा दादा पांघरुणात होता. गाल लालबुंद. लहान बाळासारखे. अंग… गरम होतं अजून.

"मला वाटलं, उठेल."

काकांनी न पेटवलेली विडी परत खिशात ठेवली. गाडीच्या चाकांखाली पाणी ठिबकत होतं.

मग आतेभाऊ हळूच म्हणाला, "म्हणजे तो म्हातारा मारायला…"

"नाही," काका म्हणाले. "मारायला नाही."

तो म्हातारा कोण, ते मला ठाऊक होतं. पोलिसांनी गाडी विकणाऱ्याला चौकीत बोलावलं तेव्हा मी समोरच्या बाकावर होतो. इस्त्रीचा शर्ट, गुळगुळीत दाढी. ही गाडी त्याच्या वडिलांची. बायको गेल्यावर म्हातारा एकटाच तिच्यात राहायचा, गावोगाव फिरायचा. दोन हिवाळ्यांपूर्वी एका थंड रात्री त्याने झडपेत टॉवेल कोंबला आणि हीटर लावून झोपला. याच पलंगावर. तो उठलाच नाही. हीटरमधून सुटणाऱ्या त्या विषारी वायूला रंग नसतो, वास नसतो. गाडी विकताना मुलगा दादाला म्हणाला होता, "वडिलांना आता चालवायला जमत नाही." दादाने घरी येऊन ते मला सांगितलं होतं आणि वर म्हणाला होता, "बिचारे थकले असतील."

चौकीत मी त्याची कॉलर धरली तेव्हा तो म्हणाला, "मी खोटं कुठे बोललो?"

माझी शाळा फार झाली नाही. पण त्या पायरीवर बसल्या बसल्या एक हिशेब मला सरळ कळला. मेलेला माणूस रोज रात्री येऊन सांगत होता. वाचा नव्हती तर हातांनी सांगत होता. आम्ही त्याला भूत म्हटलं आणि त्याच्या तोंडावर दार लावलं. आणि ज्याला वाचा होती, जिवंत, इस्त्री केलेला, त्याला एक वाक्य जड झालं. तेच वाक्य उद्या सकाळी मी गिळणार होतो. निळे पडदे दाखवत.

मी तिथेच फोन काढून त्या मुलीला लावला. म्हटलं, "गाडी विकायची नाही. माझा भाऊ मेलाय तिच्यात. त्याच्या आधी एक म्हातारा मेला. दुसरी घ्याल ती नीट विचारून घ्या, आणि तिची भोकं बुजवू नका." ती हसली नाही.

मग मी किल्ली घेतली.

"अरे, आता या वेळी कुठे?" आतेभाऊ उठला.

"ज्याची आहे त्याच्या दारात."

"डोकं फिरलंय का तुझं? काका, सांगा ना याला."

काकांनी मला अडवलं नाही. एवढंच म्हणाले, "काच खाली ठेव."

त्याचं घर लांब होतं. पोचलो तेव्हा सगळीकडे सामसूम होती. दुमजली बंगला, थंडीमुळे सगळं कडेकोट बंद. मी गाडी फाटकाला आडवी लावली, किल्ली फाटकातून आत फेकली आणि सकाळच्या पहिल्या एसटीने परत आलो. जाताना रस्ताभर मागच्या पलंगाकडे एकदाही वळून बघितलं नव्हतं. हिंमत नव्हती असं नाही. बघितलं आणि तिथे कुणीच नसलं तर, याची भीती होती.

दुपारी त्याचा फोन आला. मी शिव्यांची तयारी करून ठेवली होती. पण त्याचा आवाज बारीक झाला होता.

"रात्री तुम्ही माझ्या घरात शिरला होतात?"

"फाटकाच्या आत पाय टाकला नाही."

"मग कोण…" तो थांबला. "घरातल्या सगळ्या खिडक्या उघड्या होत्या. खालच्या, वरच्या, सगळ्या. काही चोरीला गेलं नाही. दार आतून बंद. आणि वर माझ्या मुलीची खोली… तिची खिडकी रंग दिल्यापासून चिकटून बसली होती. आम्ही दोघांनी जोर लावला होता, हलली नव्हती. ती पण उघडी आहे. खिडकीच्या कट्ट्यावर रंगाचे पोपडे पडलेत. आणि लाकडात… नखांनी खरवडल्यासारखं…"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ऐकताय ना? तिच्या खोलीत आम्ही कालच नवा हीटर लावला होता."

मी फोन ठेवून दिला.

त्याचा बाप त्याच्याकडे गेला. पोटच्या पोराने त्याच्या मरणाचं एक वाक्यही उच्चारलं नव्हतं, तरी गेला.

आता उन्हाळा लागलाय. मी रोज रात्री आमच्या घराच्या सगळ्या खिडक्या लावतो. खिट्ट्या घालतो. आई म्हणते, "अरे, जीव गुदमरतो, एखादी तरी उघडी ठेव." मी ठेवत नाही. अंथरुणावर पडून दादाची चाहूल लागते का, ते ऐकत राहतो.

सकाळी सगळ्या बंदच असतात.