तार नसलेला काटा

कोरेगावचा केरबा मिस्त्री म्हणजे पलटणीत गाड्या दुरुस्त करून आलेला गडी. एकाहत्तरची लढाई संपली आणि पेन्शन घेऊन घरी आला. भुताखेताचं नाव काढलं की पोट धरून हसायचा. त्या दुपारी तो नानासोंच्या अंगणात गेला, तो अगदी साध्या कामाला. नानासोंनी कुण्या संस्थानिकाची जुनी विलायती मोटार हौसेनं घेतली होती आणि तिचा टॅकोमीटर, म्हणजे इंजिन मिनिटाला किती फिरतं ते दाखवणारा काटा, बंद पडला होता.

"उद्या सांगलीला डॉक्टरकडं जायचंय," नानासो छातीवर हात ठेवून म्हणाले. "काळजाचं दुखणं हाय म्हणत्यात. लय भ्या वाटतं, गड्या."

"आवं, आदुगर गाडीचं काळीज तर बघू!"

इंजिनाकडून काट्याकडं जाणारी केबल केरबानं सोडवली. आतली तार मधोमध तुटलेली. दोन्ही तुकडे ओढून त्यानं फडक्यावर ठेवले. गंजाचा आणि जळक्या तेलाचा वास पसरला. इंजिन बंद. अंगणात चिटपाखरू नाही. नानासो सहज स्टीअरिंगमागं बसले... आणि काटा हलला.

टुक... टुक... टुक... एका ठेक्यात.

"आयला! माझं काळीज मोजतंय व्हय रं हे?"

तेवढ्यात घरातून नानासोंची बायको शालूबाई कडाडली, "च्या निवतोय न्हवं!" तसा काटा टुणकन उडाला. दोघंही डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले.

"घड्याळावानी चाललंय की! आता कशाला डॉक्टर? सांगली रद्द!" नानासो पोरासारखे उड्या मारत चहाला गेले.

केरबा हत्यारं गोळा करू लागला. सीट रिकामी होती. काटा मात्र चाललाच होता.

केरबाचं हसू ओठांवरच वाळलं. तो धावत ओसरीवर गेला आणि नानासोंचं मनगट धरलं. नाडी दोन ठोके द्यायची, मधेच थांबायची, पुन्हा अडखळत चालायची. काटा दुसऱ्याच कुणाचं तरी काळीज मोजत होता.

"नानासो... उठा. सांगलीला. आत्ताच!"

"आरं, पन काटा तर..."

"काट्याला घाला चुलीत! चला!"

एस्टी थेट संध्याकाळी. गाडीशिवाय इलाज नव्हता. केरबाला भीती वाटली. पण माणूस जगला पाहिजे. औंधच्या यमाईचं नाव घेऊन तो स्टीअरिंगमागं बसला. पुढची सीट एकसलग, ऐसपैस. नानासो पलीकडच्या दाराशी टेकले. गाडी एका दणक्यात सुरू झाली आणि भरधाव सुटली.

रहिमतपूर मागं पडलं, तसे नानासो कुरकुरले, "केरबा, जरा तिकडं सरक की रं. लय दाटी झालीया."

केरबा मघापासून आपल्या दाराला चिकटून बसला होता.